जीपची राज्यघटना

आमच्या जीपला राज्यघटना होती.

हसा, पण पूर्ण ऐकून मग हसा. गंगाखेडहून राणीसावरगावच्या बाजूला रोज नोकरीला जाणारे आम्ही दहा-अकरा जण. एसटी होती, पण ती तिच्या सवडीनं यायची आणि शाळेची घंटा शाळेच्या सवडीनं वाजायची. दोघींचं कधी जमलं नाही. म्हणून जब्बारमामूची जीप आम्ही महिन्यावर ठरवून टाकली. तीत आम्ही मास्तर लोक, बँकेचे कॅशियर, दवाखान्यातल्या सिस्टर आणि विजेच्या खात्यातले दोघे असा सगळा कारभार कोंबलेला असायचा. या कारभाराला घटना देणारा माणूस म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर.

नागरिकशास्त्राचे नव्हेत. नागरिकशास्त्राचे सरही त्याच जीपमध्ये असत, पण ते बसल्याबरोबर झोपत.

चित्रकलेच्या सरांना आम्ही त्यांच्या मागं ‘घटनापती’ म्हणायचो. नंतर तोंडावरही म्हणायला लागलो, कारण नाव त्यांना फारच आवडलं. उंच, काटक माणूस. नखांत कायम रंग. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ब्रश आणि पॅन्टच्या खिशात एक लिंबू. ब्रश कशाला ते लगेच सांगतो. लिंबाचं थोडं थांबा.

झालं असं की पुढच्या खिडकीच्या जागेवरून आमच्यात रोज युद्ध व्हायचं. मागची दोन बाकं आडवी होती. तिथं बसलं की गुडघे दुसऱ्याच्या गुडघ्यांत आणि नाक समोरच्याच्या डब्यात. एकदा सिस्टर आणि विजेचे एक साहेब यांच्यात अशी जुंपली की मामूनं जीप उभी केली आणि किल्ली काढून घेतली. सगळे गप्प झाल्यावर सर म्हणाले, “भांडण जागेचं न्हाईच. जागा कोनाला द्यायची हे ठरवायचं कोनी, त्याचं भांडण हाय.”

पुढच्या रविवारी त्यांनी मामूला पटवलं. बाकावर उताणे झोपून त्यांनी जीपच्या छताला आतून, पांढऱ्या ऑइलपेंटनं, सुंदर अक्षरात सात कलमं रंगवली. मामू डोक्याला हात लावून बसला होता.

“सर, पासिंग के टैम साहब पूछेगा ये क्या लिखके रक्खे, तो मैं क्या बोलूं?”

“बोलो, कायदा है.”

“किसका?”

“बैठनेवालों का.”

हे उत्तर मामूला इतकं आवडलं की तो पुढं रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांनाही मान वर करून छत दाखवायचा. सरांचं म्हणणं, छतावर लिहिलं ते मुद्दाम. घटना वाचायची तर मान वर करावी लागली पाहिजे. हुकूम वाचताना ती खाली जाते.

हुकमाचा विषय निघाला की त्यांचे आजोबा यायचेच. आजोबांनी निजामाचं राज्य पाहिलेलं. “आमच्या आज्याच्या वेळी वरून फर्मान यायचं,” सर सांगायचे, “चांगलं आलं तर खुशी, वाईट आलं तर सबुरी. विचारायचं कोनाला? घटना म्हंजे काय, तर लगाम ज्याच्या हातात, त्याच्याबी तोंडात एक लगाम.” हे म्हणताना ते स्वतःच्या तोंडात दोन बोटं घालून ओढून दाखवायचे. सिस्टर दुसरीकडं बघायच्या.

कलमं साधी होती. जागा त्याची, जो त्या बाजूला रोज कामाला जातो. पुढची-मागची जागा रोज पाळीनं बदलेल, कोणाला सूट नाही. उशीर झालेल्यासाठी पाच मिनिटं थांबायचं. कोणी आला नाही तर त्याची रिकामी जागा रस्त्यावर आधी हात करील त्याची. वेग आणि स्टेअरिंग मामूचं. खिडकी तिच्याजवळ बसेल त्याची. आणि शेवटी सातवं कलम, ही कलमं बदलायची कशी.

आता लिंबू. मागच्या आडव्या बाकावर बसलं की सरांना मळमळायचं. चढ लागला, उसाच्या ट्रॉलीमागं जीप गचके खात चालली की घटनापती पांढरेफटक पडत. त्यांची मागं बसायची पाळी आली की आम्ही म्हणायचो, सर, पुढं या, कोणी काही म्हणत नाही. ते लिंबू नाकाला लावून, डोळे मिटून, एका हातानं छताकडं बोट दाखवत. पाळी. एकदा मामूनं जीप थांबवली, सर खाली उतरले, सोयाबीनच्या कडेला बसून मोकळे झाले, तोंड धुऊन परत मागंच येऊन बसले आणि म्हणाले, “लिहिणाऱ्यालाच सूट असती, तर मी कशाला लिवलं असतं?”

माणूस मोठा नाटकी होता, यात शंका नाही. पण नाटक स्वतःच्या पोटावर करत होता.

सातव्या कलमावर त्यांचा फार जीव. बारीकसारीक गोष्टींना, म्हणजे गाणी लावायची की नाही वगैरेंना, साधं बहुमत पुरे. कलम बदलायचं तर सूचना सकाळी जाताना मोठ्यानं वाचायची, मग एक आठवडा थांबायचं आणि मग हात वर, तीनांत दोन तरी. मामूच्या स्टेअरिंगला किंवा रस्त्याला धक्का लागत असेल, तर वर मामूचीही मंजुरी. “देशाच्या घटनेतबी असंच हाय,” ते सांगायचे, “काही गोष्टी साध्या बहुमतानं, काहींना संसदेत दोन तृतीयांश लागतात, आन् राज्यांच्या हक्काला हात लावायचा असंल तर निम्म्या राज्यांनीबी हो म्हणावं लागतं. मामू म्हंजे आपली राज्यं.” मामू आरशातून सलाम करायचा.

“आठवडा कशाला पण?” कॅशियरसाहेब विचारायचे. त्यांना सगळंच आजच्या आज हवं असायचं. बँकेच्या दारात माणसं ताटकळत असायची, त्यांचंही खरं होतं.

“राग उतरायला,” सर म्हणायचे. “रागात काढलेलं चित्र मी पोरांना दुसऱ्या दिवशी परत दाखवतो. निम्मे पोरं स्वतःच फाडतात.”

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मतदान घेऊ म्हटलं, तर तेही त्यांना चालेना. समोरच्याचं तोंड बघून हात वर करायचा, घरात लोळत अंगठा दाखवून नाही. आणि कलम बदललं तरी जुनं पुसायचं नाही. त्यावर एक बारीक रेघ मारायची आणि शेजारी नवं लिहायचं. “पुसलं की मागून येणाऱ्याला वाटतं, पहिल्यापासून असंच होतं.” त्यामुळं दोन-तीन वर्षांत आमचं छत रेघांनी आणि किरट्या अक्षरांनी भरून गेलं. मान दुखेपर्यंत वाचावं लागे.

मग सुनंदा मॅडम आल्या, आणि खरी परीक्षा आली.

मॅडम आमच्या शाळेत नव्यानं लागलेल्या. नोकरी अजून कायम व्हायची होती. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात. लहान मुलीला बालवाडीत सोडून त्या धावत चौकात यायच्या, आणि बालवाडीचं दार काही लवकर उघडायचं नाही. रोजच पाच मिनिटं थांबणं व्हायचं. जीप गेली तर पुढच्या एसटीनं शाळा गाठेपर्यंत पहिला तास संपलेला, हजेरीत लाल रेघ, आणि लाल रेघा वाढल्या की नोकरी कायम होण्याचं नाव नाही. जीपमधल्या त्या एका जागेवर त्या बाईची नोकरी टेकलेली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कॅशियरसाहेबांनी एका सकाळी सूचना वाचली. मॅडम तेव्हा जीपमध्येच होत्या, धापा टाकत नुकत्याच बसलेल्या. सूचना अशी, की पाच मिनिटं थांबण्याचं कलम सुनंदा मॅडमना लागू नाही.

“सरळ कलमच रद्द करा की,” मी म्हणालो. मला गंमत बघायची होती.

“असं कसं रद्द करता?” कॅशियर दचकले. “आमालाबी कधीमधी उशीर होतोच की!”

ही खरी मेख होती. सवलत प्रत्येकालाच हवी होती. कॅशियरसाहेबांची पूजा लांबायची, विजेच्या साहेबांना टपरीवरून हलवत नसे, मी स्वतः तर झोपाळू. फक्त मॅडमना ती मिळायला नको होती, कारण त्यांचा उशीर रोजचा होता आणि आमचा आमच्या मते कधीमधीचा.

आठवडा गेला. हात वर झाले. मोजून बघावे लागले नाहीत, इतके होते. माझा? माझा हात अर्धा वर होता. त्याला कॅशियरसाहेबांनी पूर्ण धरलं. सगळं सातव्या कलमाप्रमाणं झालेलं. मामूनं सीटखालचा रंगाचा डबा काढून दिला. सरांनी ब्रश बुडवला, वर नेला, आणि तसाच धरून ठेवला. रंगाचा एक थेंब त्यांच्याच चष्म्यावर पडला.

“हे मला लिहिता येत न्हाई,” ते म्हणाले.

“म्हंजे? तीनांत दोन हायत की!”

“हायत. पाचाचं दोन करा, शून्य करा, मी लिहितो. पण सगळ्यांसाठी. एका मानसाचं नाव घालून लिवलं की ती घटना राहत न्हाई. ते फर्मान झालं. फर्मान काढणारा एक असो का दहा असोत.”

“नाव घालायचं न्हाई, असं कुठं लिहिलंय?” कॅशियर मान वर करून सातही कलमं बोटानं चाळू लागले. “दाखवा! कुठंच न्हाई!”

“जीपला चाकं हायत, हे तरी कुठं लिहिलंय?” सर म्हणाले. “तुमी सीटं बदला, रंग बदला, हॉर्न बदला. चाकं काढायला लागले तर मी म्हणंन, हे बदलणं न्हाई, मोडणं हाय.”

नागरिकशास्त्राचे सर जागे झाले. हा एकच प्रसंग मला आठवतो. ते म्हणाले, “सर्वोच्च न्यायालयानं असंच काहीसं म्हटलेलं आहे. मूलभूत चौकट.” आणि परत झोपले.

कॅशियर इरेला पेटले. “आणा तो ब्रश! मी लिहितो!” ते बाकावर उताणे झाले. छतावर लिहिणं सोपं नसतं. पहिल्याच अक्षराला पांढऱ्या रंगाचा ओघळ त्यांच्या मनगटावरून बाहीत शिरला.

तेवढ्यात सुनंदा मॅडम बोलल्या. “मला सोडून जायचं असंल तर जावा. मी भांडणार न्हाई. पण ते लिवू नका तिथं. मी रोज त्याच्याखाली बसायचं कसं?”

कॅशियरसाहेब हळूच उठून बसले. ब्रश त्यांनी मामूकडं दिला. मामू म्हणाला, “बच्ची की बालवाडी के सामनेसे निकालतौं ना गाडी. उधर भी रास्ता है. एक चक्कर ज्यादा.” रस्ता मामूचा, मंजुरी मामूची. जीप चौकाऐवजी बालवाडीच्या कोपऱ्यावरून सुटेल, सगळ्यांसाठी, अशी दुरुस्ती निघाली. पुढच्या आठवड्यात ती मंजूर झाली. पहिला हात कॅशियरसाहेबांचा होता.

पण जाता जाता त्यांनी एक टोला हाणलाच. “घटनापती, कलमं लिवणार तुमी, सभा चालवणार तुमी, आन् चालतंय का न्हाई तेबी तुमीच ठरवणार. मग तुमच्यात आन् तुमच्या आज्याच्या निजामात फरक काय राहिला?”

जीपमध्ये हशा झाला. सर हसले नाहीत. त्या दिवशी परतीच्या प्रवासात ते पुढच्या खिडकीत असूनही बाहेर बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्याच विरोधात सूचना वाचली. कलम घटनेत बसतं की नाही, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं नाही. त्यासाठी पंच असेल, दर तीन महिन्यांनी चिठ्ठी टाकून बदलणारा, आणि चिठ्ठ्यांत सरांचं नाव नसेल. मंजूर झाल्यावर त्यांनी ती स्वतः रंगवली, आणि खाली उतरून कॅशियरसाहेबांना चहा पाजला. म्हणाले, “लय बरं झालं बोललाव ते. मला लगाम घालायचा मीच विसरलो होतो.”

अशी वर्षं गेली. सुनंदा मॅडमची नोकरी कायम झाली. मुलगी मोठ्या शाळेत जायला लागली, तरी जीप बालवाडीच्या कोपऱ्यावरूनच सुटत राहिली. आणि सरांची निवृत्ती जवळ आली.

सर एकटेच होते. लग्न केलं नव्हतं. मानवतला भाऊ होता, त्याच्याकडं सणाला जायचे. बाकी त्यांचं घर, नातलग, गणगोत म्हणजे ही जीप. आणि पहिलं कलम त्यांनीच लिहिलेलं, की जागा त्याची, जो त्या बाजूला रोज कामाला जातो. निवृत्त माणूस कुठं कामाला जातो? त्या दिवसांत ते उगाच विचारायचे, शाळेच्या गावातल्या मंदिराची भिंत रंगवायचीय म्हणे? दवाखान्यावर चित्रं काढायची नाहीत का? सिस्टर म्हणायच्या, विचारून बघते. मंदिराची भिंत आधीच रंगवलेली होती. दवाखान्याला चित्रं नको होती.

आणि एका सकाळी सूचना वाचायला कोण उभं राहावं? कॅशियरसाहेब! उभं म्हणजे जीपमध्ये जितकं राहता येतं तितकं, मान वाकडी करून. “घटनापतींची जागा आजन्म राखीव.” टाळ्या पडल्या. मामूनं हॉर्न वाजवला. सर लिंबू हातात फिरवत राहिले. त्या आठवडाभर त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती मी चोरून बघत होतो. लहान मुलासारखी होती, आणि ती लपवण्याची त्यांची धडपडही तशीच.

आठवड्यानं सगळे हात वर झाले. फक्त सरांचा खाली, आणि पंचाचा, कारण पंच मत देत नाही. पंच त्या तिमाहीत होत्या सुनंदा मॅडम.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. औपचारिकता होती ती. मामूनं रंगाचा डबा काढूनही ठेवला होता. मॅडम छताकडं बघत होत्या, बराच वेळ. एका कोपऱ्यात कॅशियरसाहेबांचं ते एक अर्धं अक्षर अजून होतं.

“नाव घालून लिवलेलं कलम हाय,” त्या म्हणाल्या. “बसत न्हाई.”

कॅशियर उसळले. “अवो मॅडम! तुमच्यासाठी भांडलेला मानूस हाय त्यो! ह्या जागेवर तुमची नोकरी राहिली ती कोनामुळं? काळीज हाय का दगूड?”

“त्याच्यामुळंच,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. “तवा वाईटासाठी चाललं न्हाई, तर आता चांगल्यासाठी कसं चालंल? उद्या कोन ठरवणार चांगलं काय आन् वाईट काय?”

सर म्हणाले, “मामू, गाडी थांबवा.”

आम्ही घाबरलो. ते उतरले, कापसाच्या रानाच्या कडेला पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, मळमळलं असेल. पण त्यांची त्या दिवशी पुढची पाळी होती. थोड्या वेळानं चष्मा पुसत आले. मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आपल्या खास नाटकी आवाजात, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं म्हणाले, “पास!”

मग बसले, आणि राणीसावरगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

निरोपाच्या दिवशी सर म्हणाले होते, बुधवारी-बुधवारी कोपऱ्यावर येऊन बघत जाईन. त्याप्रमाणं निवृत्तीनंतरच्या पहिल्या बुधवारी बालवाडीच्या कोपऱ्यावर जीप सुटायच्या वेळी ते उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात ब्रश. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी रस्त्यावरच्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखा हात केला.

“जागा हाय का मामू? रिकामी असंल तरच.”

“है सर, एक है. कॅशियरसाहब नै आए आज.”

“पाच मिनिटं थांबलाव का त्यांच्यासाठी?”

“थांबलो सर,” आम्ही सगळे एकदम म्हणालो. थांबलो होतोच.

“कुठं गेलेत?”

“रजेवर,” मी म्हणालो.

रिकामी जागा मागच्या आडव्या बाकावर होती. सर चढले. दिवसभर गावात हिंडले, शाळेत पोरांना दोन झाडं काढून दाखवली, आणि बँकेवरून जाताना काचेमागं नोटा मोजणारे कॅशियरसाहेब त्यांना दिसले. सकाळच्या एसटीत, दारात लोंबकळत आलेले. सर तसेच पुढं गेले.

पुढच्या बुधवारी विजेचे साहेब रजेवर गेले. त्याच्या पुढच्या बुधवारी मी. एसटीत उभं राहून माझे पाय आखडले आणि पहिला तास बुडाला, तो नागरिकशास्त्राच्या सरांनी सांभाळून घेतला. कोणी सूचना वाचली नव्हती, कोणी हात वर केला नव्हता. छतावर एक अक्षर वाढलं नव्हतं.

सिस्टरांची पाळी होती त्या बुधवारी मात्र सरांनी पाय वर टाकता टाकता थांबून सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. “सिस्टर रजेवर, आन् मला आत्ता एसटी स्टँडवर दिसायल्या होत्या. दर बुधवारी एक जण रजेवर. हे कोन्या कलमात बसतंय? कुठं लिहिलंय हे?”

कॅशियरसाहेब छताकडं बघू लागले. मी बुटाची लेस बांधू लागलो. माझ्या पायात चप्पल होती.

सुनंदा मॅडम सरकून बसल्या. “चाकं हायत हे तरी कुठं लिहिलंय, सर? बसा. मामूला उशीर व्हायलाय.”

सरांनी मान वर करून छत एकदा पूर्ण वाचलं, रेघांसकट. मग खिशातून लिंबू काढलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.